ई-टाइप घ्यायची असेल, तर आधी तिची फाइल वाचा

मी हिशेबतपासनीस. नोकरीची सगळी वर्षं इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या लहानमोठ्या कारखान्यांची खाती तपासण्यात गेली. नवऱ्याचं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, त्यामुळे जॅग्वार ई-टाइप या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं वेड घरात त्याच्याकडून आलं. ओळखीचं कुणी लिलावात ई-टाइप घ्यायला निघालं की आम्हा दोघांना बोलावणं येतं. तो टॉर्च घेऊन गाडीखाली शिरतो, मी गाडीच्या जुन्या कागदांची फाइल घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसते. गाडी नाकारायची वेळ येते तेव्हा कारण बहुतेक वेळा माझ्या खुर्चीतून निघतं. त्याला हे आवडत नाही, पण नाकारताही येत नाही.

कारण साधं आहे. रंग नवा करता येतो, क्रोम नवं लावता येतं, चामडं नवं शिवता येतं. पण वीस-तीस वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या हेतूंनी लिहिलेले कागद एकमेकांशी जुळवणं फार अवघड असतं. म्हणून फाइलमध्ये काय आहे हे बघण्याआधी मी एक गोष्ट शोधते. आधीच्या कागदात होतं आणि नंतरच्या कागदातून गायब झालं, असं काय आहे?

सुरुवात एका कोऱ्या ताळेबंदाच्या कागदापासून करा. डावीकडे तारीख, मग मैल, मग कागदाचा प्रकार, शेवटी त्यात गाडीबद्दल केलेलं विधान. फाइलमधला प्रत्येक चिटोरा तारखेप्रमाणे लावा. विक्रेत्याने फाइल विषयवार लावलेली असते: बिलं एकीकडे, फोटो एकीकडे, प्रमाणपत्रं पुढे चकचकीत प्लास्टिकमध्ये. ती रचना मोडा. रेकॉर्ड तारखेने लावलं की मधली रिकामी वर्षं आपोआप दिसतात. १९९४ ते २००६ एकही कागद नसेल तर ती गाडी कुठेतरी उभी होती किंवा कुठेतरी आदळली होती. दोन्हींत फार फरक आहे आणि दोन्ही विचारायलाच हवं.

नंबर

ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये लोकांसमोर आली. पहिल्या गाड्या ३.८ लिटरच्या, ऑक्टोबर १९६४ पासून ४.२ लिटरच्या, १९६८ च्या सुमारास सिरीज २ आणि १९७१ पासून १९७४ पर्यंत ५.३ लिटरच्या व्ही-१२ ची सिरीज ३. सगळ्या मिळून बहात्तर हजारांहून जास्त बनल्या आणि त्यातल्या बहुसंख्य परदेशी गेल्या, मुख्यतः अमेरिकेत. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

३.८ च्या काळात चॅसी नंबरच गाडीचा जन्म सांगतो. उजव्या स्टिअरिंगच्या उघड्या गाड्या ८५०००१ पासून, उजव्या स्टिअरिंगच्या कूपे (पक्क्या छपराच्या) ८६०००१ पासून. डाव्या स्टिअरिंगच्या उघड्या ८७५००१ पासून आणि डाव्या कूपे ८८५००१ पासून. ४.२ आली तेव्हा नंबरापुढे '१ई' लागलं. इंजिनाच्या नंबरापुढे ३.८ ला 'आर' किंवा 'आरए', सुरुवातीच्या ४.२ ला '७ई', सिरीज २ ला '७आर' आणि व्ही-१२ ला '७एस' असतं. दुसरं काही दिसलं तर ते इंजिन बहुधा जॅग्वारच्या एखाद्या सलूनमधून, म्हणजे घरगुती वापराच्या मोटारीतून, आलेलं आहे. जॅग्वारचं हे सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन डेमलरच्या लिमोझिनमध्ये १९९२ पर्यंत बसवलं जात होतं, तेव्हा सुटी इंजिनं मुबलक होती आणि तुटलेल्या ई-टाइपवर तो स्वस्त उपाय होता. त्याने गाडी वाईट चालते असं नाही. फक्त त्या गाडीची किंमत वेगळी असते.

इंजिन बेमधल्या पट्टीवर चार नंबर असतात: चॅसी, इंजिन, बॉडी, गिअरबॉक्स. पट्टी स्क्रूने लावलेली असते आणि नवी पट्टी विकत मिळते. म्हणून पट्टीवर विसंबू नका. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या वर ठोकलेला असतो आणि सिलिंडर हेडवरही असतो. चॅसी नंबर पुढच्या चौकटीच्या उजव्या बाजूला, शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या माउंटिंगपाशी ठोकलेला असतो. आणि इथे या गाडीची खरी गोम आहे. ई-टाइपचा मागचा भाग मोनोकॉक, म्हणजे वेगळ्या सांगाड्याशिवाय पत्र्याचीच एकसंध बॉडी, पण इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन ज्यावर बसतं ती चौकट चौकोनी नळ्यांची, बोल्टने जोडलेली. तिच्यावरच चॅसी नंबर. ही चौकट गंजली किंवा वाकली की बदलतात, दुरुस्त करणं धोक्याचं. चौकट बदलली की नंबर नव्याने ठोकावा लागतो. म्हणजे पूर्ण प्रामाणिक गाडीवरसुद्धा नव्याने ठोकलेला नंबर असू शकतो आणि पूर्ण बनावट गाडीवरही असू शकतो. फरक कागदातच कळतो. चांगला कारागीर जुन्या चौकटीवरच्या नंबराचा फोटो काढून ठेवतो, काहीजण तर तो नळीचा तुकडाच कापून मालकाला परत देतात. असा गंजका तुकडा फाइलबरोबर मिळाला तर मला चकचकीत प्रमाणपत्रापेक्षा जास्त आनंद होतो.

प्रमाणपत्राचं बोलायचं तर जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट कारखान्याच्या जुन्या रजिस्टरांवरून ते देतो. त्यात चार नंबर, मूळ रंग, आतल्या चामड्याचा रंग, बनल्याची आणि पाठवल्याची तारीख आणि गाडी कोणत्या वितरकाकडे गेली ते असतं. घ्यायलाच हवं. पण तो रजिस्टरचा उतारा आहे. सातबारा पाहून विहिरीला पाणी आहे का ते कळत नाही, तसंच इथे: आज तुमच्यासमोर उभ्या असलेल्या पत्र्याकडे ट्रस्टने पाहिलेलं नाही.

आता अमेरिकेकडे. नंबर ८७५ किंवा ८८५ ने सुरू होत असेल आणि स्टिअरिंग उजवीकडे असेल, तर गाडी नंतर बदललेली आहे. प्रमाणपत्रावर वितरक म्हणून न्यूयॉर्क लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला. हे बेकायदा नाही, लपवायचं कारणही नाही, पण जाहिरातीत ते वाक्य सगळ्यात शेवटी, सगळ्यात मऊ शब्दांत येतं. तसंच १९६७-६८ च्या सुमाराच्या उघड्या हेडलाइटच्या अमेरिकन गाड्यांना नंतर काचेची झाकणं लावून त्या जुन्या दिसतील असं करतात. अगदी सुरुवातीच्या गाड्यांचं फ्लोअर सपाट होतं आणि बॉनेटची कुलपं बाहेरून उघडायची. त्यांना जास्त पैसे मिळतात. त्यामुळे नंतरच्या गाडीला सपाट फ्लोअर लावण्याचा मोह कुणालातरी होतोच. चॅसी नंबर तारखेशी ताडून बघितला की तो मोह उघडा पडतो.

रंगही तपासा. कारखान्यातून ओपलेसंट सिल्व्हर ब्लू निघालेली गाडी आज लाल किंवा ब्रिटिश रेसिंग ग्रीन असते, कारण तसा रंग विकला जातो. मूळ रंगाचे अवशेष डॅशबोर्डच्या मागे आणि ट्रिमच्या आत सापडतात. नवरा तिथे छोटा आरसा घालून बघतो. प्रमाणपत्र निळं म्हणतंय आणि आत कुठेही निळा ठिपका नाही, पण खाली पिवळा आहे, असं असेल तर हे प्रमाणपत्र याच बॉडीचं आहे का हा प्रश्न सभ्य शब्दांत विचारायचा.

सरकारी कागद

व्ही५सी हे नोंदणीपत्र, मालकीचा पुरावा नव्हे. ते त्यावरच छापलेलं असतं, तरी लोक विसरतात. त्यात यूकेमधल्या पहिल्या नोंदणीची तारीख बघा. १९६२ ची गाडी आणि यूकेमधली पहिली नोंदणी १९९१ ची, म्हणजे ती परतून आलेली आहे. अशा गाडीला वयाला साजेसा नंबर मिळतो आणि तो दुसऱ्या गाडीवर हलवता येत नाही. याउलट इंग्लंडमध्येच राहिलेल्या काही गाड्यांचा मूळ नंबर कुणीतरी केव्हाच विकून टाकलेला असतो. जुनं तपकिरी लॉगबुक फाइलमध्ये असेल तर पुढचे तीन कागद बाजूला ठेवा आणि तेच आधी वाचा: मालकांची नावं, पत्ते, शिक्के, रंगबदलाची नोंद. नसेल तर ड्रॉइटविचमधला किटहेड ट्रस्ट जुन्या परवाना कार्यालयांची बरीच रजिस्टरं सांभाळतो, तिथे पत्र टाकता येतं.

एमओटी, म्हणजे यूकेमधली वार्षिक वाहन तपासणी. तिचा इतिहास ऑनलाइन फुकट बघता येतो, साधारण २००५ पासूनचा. नुसता गाडीचा नंबर लागतो. मैल, पास-नापास आणि परीक्षकाच्या सूचना सगळं दिसतं. आता चाळीस वर्षांवरच्या, फार बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ च्या मेपासून एमओटीची सक्ती नाही, त्यामुळे तिथून पुढे नोंदी एकदम कोरड्या पडतात. ज्या मालकाने सक्ती नसतानाही चाचणी करून घेतली, त्याच्याबद्दल माझं मत लगेच चांगलं होतं. २००५ च्या आधीसाठी कागदी एमओटी लागतात. मैलाचा काटा पाच आकडी असतो, म्हणजे एक लाखानंतर पुन्हा शून्य. 'फक्त ३८,००० मैल' हे विधान कागदांच्या साखळीशिवाय करमणूक म्हणून वाचावं.

रिस्टोरेशन: बिल कशाचं आणि केव्हाचं

'पूर्ण रिस्टोरेशन' असं लिहिलेलं दिसलं की पहिला प्रश्न वर्षाचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जुन्या गाड्यांचे भाव वेड्यासारखे चढले आणि नव्वदीच्या सुरुवातीला कोसळले. त्या चढत्या काळात घाईघाईने, विकण्यासाठी म्हणून अनेक गाड्या तयार झाल्या. त्या कामाला आता पस्तीस वर्षं होऊन गेली आहेत. म्हणजे रिस्टोरेशनच आता रिस्टोरेशनच्या वयाचं झालंय. जाहिरातीत वर्ष दिलेलं नसेल, तर ते विसरून राहिलं असं मी समजत नाही.

मग बिलं. ऑडिटच्या सवयीने मी तीन गोष्टी बघते: तास, दर, व्हॅट. समजा एका कार्यशाळेने १,५०० तास लावले आणि दर ७० पौंड. झाले १,०५,००० पौंड. त्यावर २० टक्के व्हॅट धरून १,२६,०००. यात क्रोम नाही, चामडं नाही, इंजिनाचे सुटे भाग नाहीत. आता विक्रेता म्हणत असेल की चाळीस हजारांत सगळं झालं, तर एकतर मालकाने स्वतः रात्री जागून काम केलं (तसं असेल तर त्याचे फोटो असतात, अशी माणसं सगळ्याचे फोटो काढतात) किंवा सगळं झालंच नाही. रंगाचं बिल मोठं आणि पत्र्याच्या कामाचं बिल लहान, हे जोडपं दिसलं की मी नवऱ्याला हाक मारते.

सुट्या भागांच्या पावत्यांमधून कामाचा क्रम वाचता येतो. सिल (दारांखालचा लांब पत्र्याचा भाग), फ्लोअर, चौकट यांच्या पावत्या रंगाच्या बिलाच्या आधी काही महिने असायला हव्यात. रंगानंतर वर्षभराने सिलची पावती आली असेल, तर पहिल्या वेळी सिल तसेच सोडून वरून रंग मारला होता, असा सरळ अर्थ. काही वेळा एकाच गाडीच्या फाइलमध्ये दुसऱ्याच गाडीच्या पावत्या सापडतात. पावतीवर चॅसी किंवा नोंदणी नंबर आहे का बघा. मागच्या बाजूसही बघा. कारागीर पावतीमागे पेन्सिलने हिशेब करतात आणि पेन्सिलीतला हिशेब सहसा खरा असतो.

फोटोंना मी बिलांपेक्षा वर ठेवते. पण तयार गाडीचे फोटो नकोत, उघड्या पत्र्याचे हवेत. ई-टाइपचे सिल हे सजावटीचे नसून बॉडीचा कणा आहेत. बाहेरचा आणि आतला सिल कापून काढला की बॉडी, विशेषतः उघड्या गाडीची, मधून बसते. म्हणून जाणता माणूस आधी दारांच्या चौकटीत आडव्या नळ्या वेल्ड करून बॉडी ताणून धरतो, दारं लावून फटी मोजतो, आणि एका वेळी एकच बाजू उघडतो. फोटोत या नळ्या दिसल्या पाहिजेत. त्या नसतील आणि आज दाराची फट वर चिंचोळी, खाली रुंद दिसत असेल, तर बॉडी खचलेल्या अवस्थेतच वेल्ड झाली. पुढे कितीही खर्च करा, ते सरळ होत नाही, पुन्हा कापावं लागतं.

मागच्या सस्पेन्शनचे दांडे, म्हणजे रेडियस आर्म, जिथे फ्लोअरला बसतात तिथला पत्रा, बूटचा (डिकीचा) फ्लोअर, आणि बॉनेटच्या आतले पडदे या तीन जागांचे फोटो आहेत का बघा. पुढची चौकट आतून गंजते. बाहेरून ती सुंदर काळी किंवा गाडीच्या रंगाची दिसते आणि टिचकी मारली की आवाज बसका येतो. जुनी चौकट नुसती घासून रंगवली असेल तर बिलात 'सँडब्लास्ट आणि पेंट' असं असतं. बदलली असेल तर चौकटीची वेगळी पावती असते. या एका ओळीवर हजारो पौंड अवलंबून असतात.

पुट्टी शोधायला लोक लोहचुंबक घेऊन फिरतात. ठीक आहे, पण कारखान्यानेच या गाडीचे काही सांधे शिशाने भरले होते आणि शिशावरही चुंबक चिकटत नाही. म्हणून एखाद्या सांध्यापाशी चुंबक घसरला की विक्रेत्याकडे विजयी मुद्रेने बघू नका. सपाट जागी, दाराच्या मध्यात, बॉनेटच्या कडेला घसरला तर बघा. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र बरं पडतं. लिलावाच्या हॉलमध्ये ते वापरण्याआधी तिथल्या माणसाला विचारावं.

आणखी एक चौकशी फार कमी लोक करतात. गाडीला पाच गतींचा गिअरबॉक्स, अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर, मोठे ब्रेक लावलेले असतात. वापरायला हे सगळं छानच, ३.८ चा मूळ गिअरबॉक्स पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर न खरडता बदलू देणारी रचना) नसलेला आणि सावकाश चालणारा आहे. पण काढलेले मूळ भाग कुठे आहेत? जुन्या कॅटलॉगमध्ये 'मूळ गिअरबॉक्स सोबत' असं असतं आणि पुढच्या कॅटलॉगमध्ये ते वाक्य नसतं. गिअरबॉक्स कुणाच्यातरी गॅरेजमध्ये राहून गेला.

लिलावाचा माग

यूकेमध्ये एखादी गाडी वीस वर्षांत तीन-चार लिलावांतून फिरलेली असणं नवल नाही. नोंदणी नंबर आणि चॅसी नंबर दोन्हीने शोधा, कारण नंबर बदलतात. चॅसी नंबर जागा सोडून आणि न सोडता, दोन्ही प्रकारे टाका. लिलाव कंपन्यांची नावंही बदलतात: आज आयकॉनिक ऑक्शनिअर्स नावाने चालणारी कंपनी २०२३ पर्यंत सिल्व्हरस्टोन ऑक्शन्स होती. जुन्या नावाने शोधलं नाही तर निम्मा माग हरवतो. बॉनहॅम्स, एच अँड एच, हिस्टॉरिक्स यांच्या जुन्या निकालांमध्ये वर्णनासकट बरंच सापडतं.

सापडलेली वर्णनं छापून शेजारी शेजारी ठेवा आणि रंगीत पेन घ्या. यात माझा जीव रमतो, खरं सांगायचं तर. पहिल्या वर्णनात 'डाव्या स्टिअरिंगवरून बदललेली' आहे, दुसऱ्यात नाही. पहिल्यात 'बदली इंजिन', दुसऱ्यात इंजिनाबद्दल मौन, तिसऱ्यात 'मॅचिंग नंबर्स असल्याचं विक्रेता सांगतो', म्हणजे गाडीवरचे नंबर कारखान्याच्या नोंदीतलेच. हा प्रवास एकाही खोट्या वाक्याशिवाय होतो. दुसऱ्याने फक्त गप्प राहणं पसंत केलं आणि तिसऱ्याने दुसऱ्याचं वाचलं. 'आमच्या समजुतीप्रमाणे', 'असं मानलं जातं', 'विक्रेता सांगतो' हे शब्द लिलाव कंपनीचे वकील मोजून लावतात. ज्या वाक्यात ते नाहीत त्या वाक्यामागे कंपनीने स्वतः काहीतरी पाहिलेलं असतं. त्यांच्यात हिरव्या आणि लाल पेनाने फरक करा.

न विकलेल्या गाड्या निकालांच्या यादीतून नाहीशा होतात. लॉट २३१ नंतर थेट २३३ दिसला तर २३२ कोण होती ते शोधा. सहा महिन्यांत दोन ठिकाणी न विकली गेलेली गाडी तिसऱ्या ठिकाणी 'प्रथमच बाजारात' म्हणून येते. न विकलं जाणं हा दोष नाही, राखीव किंमत जास्त असू शकते. पण मग त्या दिवशी शेवटची बोली किती होती हे जमल्यास विचारावं, कारण बाजाराने तिला दिलेली खरी किंमत तीच.

आता आकडे. जाहीर होणारी किंमत कधी हातोड्याची, म्हणजे शेवटच्या बोलीची, असते, कधी खरेदीदाराच्या प्रीमियमसकट, म्हणजे लिलाव कंपनी त्याच्याकडून वर घेते त्या रकमेसकट. दोन लिलावांची तुलना करताना दोन्ही एकाच पातळीवर आणा. समजा हातोडा १,००,००० पौंडांवर पडला, प्रीमियम साडेबारा टक्के, म्हणजे १२,५००, त्या प्रीमियमवर व्हॅट २,५००. तुमच्या खिशातून गेले १,१५,०००. वर्षभराने तीच गाडी तुम्ही विकली, हातोडा पुन्हा १,००,००० वर पडला, विक्रेत्याचं कमिशन ५ टक्के आणि त्यावर व्हॅट धरून ६,००० वजा. हातात ९४,०००. बाजार जागचा हलला नाही आणि तुमचे २१,००० गेले, वाहतूक आणि विमा वेगळा. प्रत्येक कंपनीचे दर वेगळे असतात, ते नियमावलीत बघून हा हिशेब आपल्या आकड्यांनी करा. कॅटलॉगमध्ये लॉट नंबराशेजारी एखादी बारीक खूण असते, तिचा अर्थही बघा: परदेशातून आलेल्या गाडीवर ५ टक्के आयात व्हॅट किंवा हातोड्याच्या पूर्ण किमतीवर व्हॅट, असलं काही त्या खुणेत दडलेलं असतं. भांडवली नफ्यावर कर नाही म्हणून जुनी गाडी उत्तम गुंतवणूक, असं पार्टीत सांगणारे भेटतात. कर नाही हे खरं. नफा व्हायला हवा, एवढंच.

मोठ्या गाड्यांचे निकाल आपल्या उपयोगाचे नाहीत असं वाटेल, पण बाजार कशाला पैसे देतो ते तिथे ठळक दिसतं. अ‍ॅल्युमिनियमची लाइटवेट ई-टाइप मूळ फक्त १२ बनल्या. त्यातली ऑस्ट्रेलियात बॉब जेनने शर्यतीत चालवलेली एस८५०६६७ जानेवारी २०१७ मध्ये स्कॉट्सडेलला बॉनहॅम्सच्या लिलावात ७३.७ लाख डॉलरना गेली. तिचं मोठं भांडवल म्हणजे ती फारशी छेडलेली नव्हती. त्याच डझनातली पीटर लिंडनरची गाडी ऑक्टोबर १९६४ मध्ये मॉन्टलेरीच्या अपघातात चिरडली, लिंडनर त्यात गेला. अनेक दशकांनी ब्रिजनॉर्थच्या क्लासिक मोटर कार्सने ती चेपलेली मूळ बॉडी टाकून न देता हजारो तास घालवून सरळ केली. काम २०११ मध्ये पुरं झालं. नवी बॉडी बनवणं कितीतरी सोपं होतं. पण मग ती लिंडनरची गाडी राहिली असती का, यावर लोक जेवणं थंड करून वाद घालतात.

आणि ऑस्टिन-हीली १००एस, नोंदणी एनओजे ३९३, १९५५ च्या ल मां शर्यतीतल्या भीषण अपघातात सापडलेली. डिसेंबर २०११ मध्ये बॉनहॅम्सकडे ती धुळकट, रिस्टोरेशन न झालेल्या अवस्थेत आली आणि ८,४३,००० पौंडांना गेली. कुणीतरी आधी उत्साहाने ती चकाचक केली असती तर पुरावाच पुसला गेला असता. आपल्या खिशाला परवडणाऱ्या गाडीलाही हाच न्याय लागू होतो. मूळ पत्रा, मूळ चामडं आणि थोडी खरचटलेली गाडी, जिची कागदांची साखळी अखंड आहे, ती मी नव्या कोऱ्या दिसणाऱ्या आणि २००९ च्या आधीचं काहीच न सांगणाऱ्या गाडीपेक्षा वर धरते. नवऱ्याचं मत थोडं वेगळं आहे, कारण चामड्याला वास मारतो तेव्हा आत तो बसलेला असतो.

बघण्याचा दिवस

फाइल आधी ईमेलने मागवा. बरीच पानं स्कॅन करून देतात. ताळेबंदाचा कागद घरी तयार करा आणि हॉलमध्ये फक्त रिकाम्या जागा भरायला जा. कॅटलॉग छापून झाल्यावर कंपनीला काही नवीन कळलं तर ती दुरुस्तीची चिठ्ठी लावते, गाडीच्या काचेवर किंवा वेबसाइटवर. लिलावाच्या सकाळी ती पुन्हा बघा. 'मॅचिंग नंबर्स' हे शब्द त्या चिठ्ठीने मागे घेतलेले असतात आणि हॉलमध्ये अर्ध्या लोकांनी ते वाचलेलं नसतं.

गाडीपाशी गेल्यावर आधी नंबर, मग दारांच्या फटी, मग बॉनेट उघडून चौकट, शेवटी बाकीचं. इंजिन सुरू करून दाखवतील का विचारा. थंड असतानाच सुरू करायला सांगा. हात लावून बघा, आधीच तापवून ठेवलंय का ते कळतं. मालाची जबाबदारी 'आहे तसा' या अटीवर असते, दुकानातून घेतल्यावर मिळतं तसं ग्राहक संरक्षण इथे धरून चालू नका.

आपली कमाल बोली हातोड्याच्या आकड्यात लिहा, प्रीमियम आणि व्हॅट आधीच वजा करून. ती चिठ्ठी बोली लावणाऱ्याकडे नको, शेजारी बसलेल्याकडे असावी. आमच्यात ती माझ्याकडे असते.

हातोडा पडल्या क्षणापासून बऱ्याच कंपन्यांच्या अटींत जोखीम खरेदीदाराची होते, म्हणून ठरलेल्या किमतीच्या विम्याचं आदल्या दिवशीच बोलून ठेवा. पैसे भरल्यावर व्ही५सीचा नव्या मालकासाठीचा भाग हातात घ्या. ई-टाइपला रस्ता कर शून्य, पण शून्याचीही नोंद तुमच्या नावाने करावी लागते, जुन्या मालकाची चालत नाही. गाडी चालवत घरी न्यायची असेल तर ते फोनवर तिथल्या तिथे उरका. आणि निघण्याआधी फाइल गाडीच्या बूटमध्ये टाकू नका, ई-टाइपच्या बूटमध्ये पाणी शिरतं.